सहाशे पत्त्यांतलं एक भोक

एकदा एका म्हाताऱ्याचं पोट पुठ्ठ्याला भोकं पाडण्यावर चालत होतं. हसू नका. तुमच्या घरात एखादी जुनी सोलापुरी चादर असेल, तर तिच्यावरचा मोर किंवा वेल अशाच कुणीतरी पाडलेल्या भोकांतून उतरलेला आहे. आपण चादर अंगावर ओढतो, झोपतो, आणि तिच्यावर मोर आला कुठून हा प्रश्न जन्मात विचारत नाही. तो प्रश्न मला एका दुपारी पडला आणि त्यातून ही गोष्ट कळली.

काम समजायला सोपं आहे. चादरीची नक्षी आधी बारीक चौकटींच्या कागदावर काढतात. कागदावरची एक ओळ म्हणजे चादरीतला एक आडवा धागा. प्रत्येक ओळीसाठी पुठ्ठ्याची एक लांबट पट्टी घेतात, तिला पत्ता म्हणतात. चौकट रंगवलेली असेल तिथे पत्त्याला भोक पाडायचं, कोरी असेल तिथे सोडायचं. भोक असेल तिथला उभा धागा मागावर वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. असे पाच-सहाशे पत्ते दोरीने ओवून मागावर चढवले की माग स्वतःच्या मनाने काही करत नाही. पत्ता सांगेल ते विणतो. पत्ता चुकला तर तो चूकही इमानाने विणतो, प्रत्येक चादरीत, नेमकी त्याच जागी.

हा म्हातारा म्हणजे राजय्या मास्तर. सोलापूरच्या पूर्व भागात एका खोलीचं त्यांचं दुकान होतं. खोलीत पायाने दाबायची दोन यंत्रं, एक खिडकी, आणि भिंतीला लागून पत्त्यांचे गठ्ठे. वय सत्तरीच्या घरात. चाळीस वर्षं हेच काम. त्यांच्या हातचा पत्त्यांचा संच कारखानदार न तपासता थेट मागावर चढवतात, असं लोक म्हणत. मास्तर स्वतः हे कधी बोलून दाखवत नसत; पण दुसऱ्या कुणी बोललं तर तिथून हलतही नसत.

त्यांच्या हाताखाली नागमणी नावाची सतरा वर्षांची मुलगी काम शिकत होती. वडील एका कारखान्यात मागावर, आई घरी विड्या वळायची. घरात एक गोष्ट ठरून गेलेली होती. बारावीनंतर पुढे शिकायचं असेल तर ते स्वतःच्या कमाईवर, नाहीतर आईशेजारी सूप घेऊन विड्या वळत बसायचं. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, घराला तेवढंच झेपत होतं. नागमणीला संगणक हवा होता. गावात तेव्हा नुकतीच संगणकावर चादरीची डिझाईनं काढणारी एक-दोन माणसं आली होती. आपणही तेच करू, त्या पैशातून शिकू, असा तिचा सरळ हिशेब होता. तोवर ती कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत तासावर पैसे भरून बसायची. प्रोग्रॅम घरी वहीत लिहून न्यायचा आणि तिथे भराभरा उतरवायचा. तो का चालत नाही हे कळायच्या आत तास संपायचा, आणि कॅफेवाला तिच्या पडद्याकडे न बघताच 'चला' म्हणायचा. त्या एका शब्दाचा तिला भारी राग यायचा.

लोक मास्तरांची चेष्टा करत. ज्या यंत्राने उद्या तुमचं दुकान बंद पडणार, ते घेण्यासाठी तुम्हीच या पोरीला कमाई करून देताय, म्हणत. मास्तर म्हणत, भोकं पाडणं बंद होईल, चौकटी मोजणं बंद होत नाही. आणि पुन्हा यंत्रावर पाय ठेवत.

तर झालं असं की त्या कॅफेवाल्याने धंदा आवरायचं ठरवलं. पाच संगणक विकायला काढले. चार गेले. पाचवा त्याने नागमणीसाठी ठेवला, कारण दोन वर्षांत तिने उधार असं कधी ठेवलं नव्हतं. पण घेणारा आणखी एक जण दारात उभा होता, म्हणून त्याने मुदत घातली. रविवारी सकाळी अकरापर्यंत पैसे आणून दे, नाहीतर मला दोष देऊ नकोस. नागमणीपाशी वर्षभराची शिल्लक होती. जे कमी पडत होतं ते हातातल्या मोराच्या संचाच्या मजुरीत बरोबर भागत होतं. सहाशे चाळीस पत्त्यांचा संच. ती पंधरा दिवस कॉलेजातून थेट दुकानात येत होती, आणि गुरुवारी संध्याकाळी शेवटचा पत्ता पाडून तिने यंत्रावरचा पाय काढला. नेमाप्रमाणे संच दोनदा तपासला. चूक निघाली नाही.

शुक्रवारी ती मजुरी मागायला आली तेव्हा संच मास्तरांच्या पुढ्यात होता. त्यांनी तो तिच्याकडे सरकवला आणि म्हणाले, "यात मी एक चुकीचं भोक पाडलंय. ते शोध. सापडलं की पैसे."

तिला वाटलं थट्टा आहे. तिने वाट पाहिली. मास्तर आपल्या कामाकडे वळले होते. कुठल्या पत्त्यावर, असं तिने विचारलं, तेव्हा त्यांनी नवा पत्ता यंत्रात घातला. मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगल्या केलेल्या कामात मुद्दाम घाण करून ठेवायची, आणि वर आपल्यालाच ती निस्तरायला लावायची, हा कुठला न्याय. रविवारची मुदत मास्तरांना माहीत होती, कारण तिने स्वतःच आनंदाने सांगितली होती. घरी आईने ऐकलं आणि हातातलं पान न सोडता निदान केलं की म्हाताऱ्याला पैसे द्यायचे नाहीत, दुसरं काही नाही. शेजारच्या दुकानदाराचं मत पडलं की वयाचा परिणाम. मला ही गोष्ट पहिल्यांदा ऐकताना आईचंच खरं वाटलं होतं. आपल्याला दुसऱ्याच्या वागण्याचा स्वस्तातला अर्थ चटकन पटतो.

पण पैसे हवे होते. नागमणी संच घेऊन खिडकीशी बसली.

आधी तपासताना ती पत्ते भराभर उलटत गेली होती. आता तसं चालणार नव्हतं. मास्तर चाळीस वर्षांचे मुरलेले, ते उघड्यावर कशाला भोक ठेवतील. पिसाऱ्यात जिथे भोकं दाट आहेत तिथेच लपवलं असणार. तिने एकेक पत्ता उजेडाला धरला. दुसऱ्या हाताचं बोट चौकटीच्या कागदावर ठेवलं. तीन सोड, दोन मार, एक सोड, असं ओठांत पुटपुटत ती डोळ्यांत तेल घालून मोजू लागली. मोजता मोजता मनातल्या मनात मास्तरांना जे काही म्हणायचं ते म्हणूनही घेत होती. पत्ते सरकत होते आणि राग काही सरकत नव्हता.

संध्याकाळी दोनशे बाराव्या पत्त्यावर बोट थांबलं. कागदावर चौकट कोरी, पत्त्यावर भोक. तिने पुन्हा मोजलं. मग पत्ता ओढून काढला आणि मास्तरांच्या यंत्रावर अक्षरशः आपटला. मास्तरांनी चष्मा चढवला, पत्ता पाहिला, कागद पाहिला.

"चूक आहे," ते म्हणाले. "पण हे माझं नाही."

कागदाचा तुकडा कापून, गोंद लावून त्यांनी ते भोक बुजवलं आणि पत्ता तिच्या हातात परत दिला. खोटं बोलताहेत, हे तिने मनाशी पक्कं केलं. सापडल्यावर कबूल करायला जड जातंय म्हाताऱ्याला. पण वाद घालायचा तर पुरावा काय, भोकावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. तिने पुढे मोजायला घेतलं.

शनिवारी दुपारी तीनशे अठ्ठ्याऐंशीव्या पत्त्यावर दुसरी चूक निघाली, आणि ही वेगळी होती. इथे भोक हवं होतं आणि पत्ता कोरा होता. मास्तरांनी तर भोक पाडलंय असं सांगितलं होतं. न पाडलेलं भोक त्यांचं कसं असेल. म्हणजे ही चूक सरळ सरळ तिची होती. यंत्र शेजारीच होतं. पत्ता घालायचा, पाय दाबायचा, कुणाला कळलं नसतं. तिने पत्ता यंत्रात घातलाही. मग काय वाटलं कोण जाणे, तसाच काढून मास्तरांपुढे नेला. तेही माझं नाही, एवढंच मास्तर बोलले. ती म्हणाली, ठाऊक आहे. त्या दिवशी दोघांत एवढंच बोलणं झालं.

रविवारी सकाळी नऊ वाजता ती कॅफेवाल्याकडे गेली आणि संध्याकाळपर्यंत थांबा म्हणाली. त्याने डोकं खाजवलं. माणूस वाईट नव्हता. पण त्या दुसऱ्या गिऱ्हाइकालाही त्याने शब्द दिला होता, आणि तो रोकड घेऊन दहालाच येऊन बसला. अकराला संगणक रिक्षात गेला. पडदा मांडीवर, बाकीचं पायाशी. नागमणी फूटपाथवर उभी राहून बघत होती. रिक्षा वळली तशी ती रडली, भर रस्त्यात, ओढणी तोंडाला लावून. वर्षभर तिने एका गोष्टीकडे डोळे लावले होते आणि ती गोष्ट दुसऱ्याच्या मांडीवर बसून निघून गेली.

ती घरी गेली नाही. दुकानात आली. मास्तर रविवारीही दुकान उघडायचे. तिने काही सांगितलं नाही, पण तिच्या डोळ्यांकडे पाहून मास्तरांना कळायचं ते कळलं असावं. ती पुन्हा खिडकीशी बसली. आता ती पैशासाठी शोधत नव्हती. आता तिला ते भोक मास्तरांच्या तोंडावर फेकायचं होतं, बस्स.

दुपारी पाचशे एकाव्या पत्त्यावर तिसरी चूक सापडली, आणि ती पाहून मात्र तिचा हात तोंडावर गेला. इथे कागदावरची ओळ वाचताना ती मध्येच खालच्या ओळीवर घसरली होती आणि ओळीचा अर्धा भाग तिने दुसऱ्याच ओळीतून पाडला होता. मोराची मान भरत आलेली ती जागा. चादरीत तिथे मान तुटलेली दिसली असती. एका नव्हे, दोनशे चादरींत. नागमणी मागवाल्याची मुलगी होती, पुढे काय होतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. सदोष चादर कारखानदार बाजूला काढतो आणि मजुरी कापतो ती विणणाऱ्याची, कारण माग त्याच्या हातात असतो. पत्ता कुणी पाडला, हे विचारायला कुणी येत नाही. तिच्या वडिलांची मजुरी अशी दोनदा कापली गेली होती, आणि दोन्ही वेळा ते घरी येऊन गप्प बसले होते. तिने पत्ता मास्तरांकडे नेला. या वेळी आपटला नाही.

"माझं नाही," मास्तर म्हणाले.

सोमवारी संध्याकाळपर्यंत तिने संच पहिल्या पत्त्यापासून शेवटच्या पत्त्यापर्यंत पुन्हा एकदा मोजून काढला. मग मास्तरांपुढे येऊन उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "आता यात एकही चूक नाही. तुम्ही मला वर्षभर बसवलंत तरी सापडणार नाही, कारण ते भोक नाहीच आहे."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "नाहीच आहे. मी पाडलंच नव्हतं."

त्यांनी खण उघडून तिची मजुरी काढून ठेवली. नागमणीने पैशांना हात लावला नाही. मग नुसतं तपास म्हणायचं होतंत, असं ती म्हणाली, तेव्हा मास्तरांनी यंत्रावरचा पाय काढला आणि तिच्याकडे वळून बसले.

"तपास म्हटलं असतं तर तू तपासला असतास. दोनदा तपासलाच होतास की. पण तेव्हा तू पत्ता वाचत नव्हतीस, मनातलं वाचत होतीस. आपण जे पाडायला बसलो ते पाडलंच आहे, असं माणूस धरून चालतो. डोळा पत्त्यावरून फिरतो, पण त्याला बघायचं नसतं, त्याला 'बरोबर' म्हणून मोकळं व्हायचं असतं. चूक दुसऱ्याची आहे म्हटलं की तोच डोळा लख्ख होतो. माझ्यावर चिडून तू जेवढं नीट पाहिलंस, तेवढं स्वतःवर विश्वास ठेवून कधी पाहिलं नसतंस. म्हणून तुझी चूक मी चार दिवस माझ्या नावावर घेतली."

माझा संगणक गेला, ती म्हणाली. मास्तर म्हणाले, ते मला माहीत होतं, आणि मला त्याचं वाईट वाटतंय. यापलीकडे त्यांनी समजूत काढली नाही.

असल्या गोष्टी सांगणारे साधारण इथे थांबतात. शिष्याच्या डोळ्यांत पाणी येतं, तो गुरूच्या पायावर डोकं ठेवतो आणि श्रोते माना डोलावत घरी जातात. नागमणी पाया पडली नाही. तिने पैसे मोजून घेतले आणि निघून गेली. बोध तिला कळला होता, अगदी आरपार कळला होता. पण सतरा वर्षांच्या मुलीचा संगणक गेला होता, आणि बोधावर प्रोग्रॅम चालवता येत नाही.

मंगळवारी सकाळी ती दुकानात आली तेव्हा मास्तरांचा स्वतःचा एक संच बांधून तयार होता. वेलबुट्टीचा, पाचशे साठ पत्त्यांचा. कारखान्याचा माणूस दुपारी न्यायला येणार होता. नागमणी त्या संचाशेजारी उभी राहिली आणि मास्तरांनी ज्या आवाजात सांगितलं होतं अगदी त्याच आवाजात म्हणाली, "मास्तर, यात मी एक चुकीचं भोक पाडलंय."

मास्तर थांबले. खरंच का, असं त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. तिने काहीही पाडलेलं नव्हतं. कालचा राग अजून घशाशी होता आणि एकदा तरी हे औषध वैद्याला पाजावं, एवढाच तिचा विचार होता. मास्तरांना हे कळलं नसेल का? युक्ती त्यांचीच. हसून सोडून देता आलं असतं, रागावता आलं असतं. त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, कारखान्यात निरोप धाडला की संच उद्या मिळेल, आणि दोरी सोडून खिडकीशी बसले.

पहिला तासभर नागमणीला बरं वाटलं. मास्तर पत्ता डोळ्याजवळ नेत, लांब धरत, पुन्हा जवळ आणत, आणि ती त्यांना चोरून बघत होती. मग हळूहळू तिला बरं वाटेनासं झालं. मास्तर चष्मा पुसत, एकेक ओळ दोनदोनदा मोजत, मध्येच मोजणी विसरून पहिल्यापासून सुरुवात करत. दुपारी त्यांनी डबा उघडला नाही. राहू द्या मास्तर, मी काही पाडलेलं नाही, हे तिच्या जिभेवर दोन-तीनदा आलं. पण शोध शेवटाला जाईल, काही निघणार नाही, मास्तर हसतील आणि हिशेब चुकता होईल, असं वाटून ती गप्प राहिली. मास्तरांच्या संचात काही निघेल, ही शंकासुद्धा तिच्या मनाला शिवली नव्हती. गावात कुणाच्याच मनाला ती शिवत नसे.

चारच्या सुमारास मास्तरांचं बोट थांबलं. त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं. मग पत्ता आणि कागद दोन्ही तिच्यापुढे धरून तिला मोजायला सांगितलं. नागमणीने मोजलं. कागदावर चौकट कोरी होती आणि पत्त्यावर भोक होतं.

"हे तुझं का?" मास्तरांनी विचारलं.

किती सोपं होतं. हो म्हटलं की झालं. मास्तर थोडं बोलले असते, भोक बुजवलं असतं, आणि चाळीस वर्षांचं नाव होतं तसं राहिलं असतं. त्या म्हाताऱ्या चेहऱ्याकडे बघून तिच्या ओठांवर हो आलंच होतं. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की असंच एक सोपं 'हो' शुक्रवारी संध्याकाळी मास्तरांच्याही हाताशी होतं. दोनशे बारावा पत्ता घेऊन ती गेली तेव्हा ते 'माझंच' म्हणाले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. ती खूश झाली असती, रविवारी संगणक तिच्या मांडीवर बसून घरी आला असता, आणि मोराची मोडकी मान कुण्या मागवाल्याच्या मजुरीतून कापली गेली असती. तिच्या रडवेल्या तोंडाकडे बघत मास्तरांनी तीनदा 'नाही' म्हटलं होतं. ते म्हणताना त्यांना कसं झालं असेल, हे तिला आत्ता कळलं.

"नाही, मास्तर," ती म्हणाली. "माझं नाही."

मास्तरांनी पत्ता मांडीवर ठेवला. याआधी असे किती गेले असतील, असं ते स्वतःशीच म्हणाले. ज्यांना ते ठाऊक होतं त्या विणकरांनी कधी येऊन सांगितलं नव्हतं. नागमणीने कागदाचा तुकडा कापला, गोंद लावला आणि भोक बुजवलं. मास्तरांनी उरलेले पत्ते तिच्याकडे सरकवले. हे तू बघ, ते म्हणाले, मी बघितले तर मला माझंच मन दिसेल.

त्या दिवसापासून दुकानाला नवा नियम लागला. मास्तरांचा संच नागमणीच्या नजरेखालून आणि नागमणीचा मास्तरांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडायचा नाही. तपासणीची मजुरी वेगळी, आणि ती मास्तर कुरकुर न करता द्यायचे. कधी काही निघायचं नाही, कधी निघायचं. निघालं की नागमणी पत्ता पुढे ठेवायची आणि मास्तर नुसती मान हलवायचे. लोकांना यात मास्तरांचा उतार दिसला. गावात बोलणं झालं, की आता राजय्याला पोरीकडून तपासून घ्यावं लागतं. मास्तर ते ऐकायला थांबत नसत. आपल्यापैकी किती जणांना हे जमेल, हे ज्याने त्याने आपल्याशी विचारून घ्यावं. मला तर माझ्या लेखातली चूक धाकट्या भावाने दाखवली तरी जेवण गोड लागत नाही.

सात महिन्यांनी, बारावीची परीक्षा संपल्यावर, नागमणीच्या घरी संगणक आला. आधीच्यापेक्षा बरा होता. त्याच्या किमतीतले काही पैसे पत्ते पाडून मिळालेले होते आणि बरेचसे मास्तरांच्या चुका काढून. तिने मास्तरांना बोलावणं केलं. ते स्वच्छ सदरा घालून आले, आईने चहा दिला, आणि नागमणीने पहिलंवहिलं डिझाईन पडद्यावर उघडून त्यांच्यापुढे स्टूल सरकवलं. बघा, म्हणाली. मास्तर म्हणाले, मला यातलं काय कळतंय, पोरी, आणि दिसतंय तरी कुठे. नागमणीने चौकटी मोठ्या केल्या. मग आणखी मोठ्या केल्या. एकेक चौकट नखाएवढी झाली तेव्हा मास्तर पुढे सरकले, चष्मा सारखा केला, पडद्यावर बोट ठेवलं आणि ओठांत पुटपुटू लागले. तीन सोड, दोन मार.

बाराव्या ओळीत, नक्षीशी न जुळणाऱ्या एका चौकटीवर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी काही विचारायच्या आत नागमणी म्हणाली, "ते माझंच आहे, मास्तर."